नवा ब्राउझर येण्याआधी साइट तपासून घ्या: साइट बांधणाऱ्या आणि सांभाळणाऱ्यांना खुले पत्र

वेबसाइट बांधणारे डेव्हलपर, त्या सांभाळणारे आयटी विभाग आणि त्यांच्या खर्चावर सही करणारे अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

ब्राउझरची नवी आवृत्ती येणार म्हटले की बोलणे होते ते नव्या सुविधांचे. पान बदलताना दिसणारे अ‍ॅनिमेशन, जावास्क्रिप्टशिवाय (पानाला हालचाल देणाऱ्या कोडशिवाय) उघडणारी पॉपओव्हर खिडकी, सीएसएसमधले (पानाच्या रूपाच्या नियमांमधले) नवे सिलेक्टर, म्हणजे नियम कोणत्या घटकांना लागू ते सांगणाऱ्या खुणा. या सुविधा घ्यायच्या की नाही हे तुम्ही निवांत ठरवा. सहा महिन्यांनी घेतल्या तरी कोणाचे अडत नाही. पत्र लिहिण्याचे कारण वेगळे आहे. तुम्ही सुविधा घ्या किंवा घेऊ नका, नवी आवृत्ती येतेच. फायरफॉक्सने २०२०मध्ये आणि क्रोमने २०२१मध्ये दोन आवृत्त्यांमधले अंतर चार आठवड्यांवर आणले. आवृत्ती आपोआप बसते, आणि तुम्ही एक ओळही न बदललेली साइट एखाद्या सकाळी वेगळी वागू लागते. मग 'ब्राउझरने साइट मोडली' अशी तक्रार येते. उकलून पाहिले तर बहुतेक वेळा मुळाशी निघतो तो ब्राउझरबद्दल कधीकाळी बांधलेला आणि नंतर विसरलेला एखादा अंदाज. असे अंदाज आपल्या कोडमधून वेळेत हुडकून काढा, एवढीच आमची मागणी आहे. ते कुठे दडलेले असतात आणि त्यांचे काय करायचे, ते खाली सांगतो.

सगळ्यात जुना आणि आजही सगळ्यात महाग पडणारा अंदाज म्हणजे नावावरून कुवत ठरवणे. प्रत्येक विनंतीसोबत ब्राउझर 'यूजर-एजंट' नावाची एक ओळ पाठवतो. ती वाचून 'हा अमुक, याची आवृत्ती तमुक, म्हणजे याला हे जमणार नाही' असा निकाल कोड देऊन टाकतो. २००९मध्ये ऑपेरा १० आला तेव्हा कित्येक साइट आवृत्तीचा फक्त पहिला अंक वाचत होत्या. त्यांना १० म्हणजे १ वाटले आणि नवाकोरा ब्राउझर जुनाट ठरून दारातूनच परत गेला. शेवटी ऑपेराने त्या ओळीत स्वतःला ९.८० म्हणवून घेतले आणि खरी आवृत्ती ओळीच्या शेवटी लिहिली. २०२२मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स दोघेही शंभरीला पोहोचले तेव्हा तोच घोर पुन्हा लागला, कारण दोनच अंक वाचणाऱ्या कोडला १०० म्हणजे १० दिसणार होते. शंभरी पार पडली, पण पुढे ११०पासून ११९पर्यंतच्या आवृत्त्यांमध्ये फायरफॉक्सला त्या ओळीतला 'आरव्ही' हा आवृत्ती सांगणारा आकडा १०९वर गोठवून ठेवावा लागला. 'आरव्ही'नंतर ११ दिसले की समोर इंटरनेट एक्सप्लोरर ११ आहे असे मानणाऱ्या साइट तेव्हाही चालू होत्या!

आता तर ती ओळ वाचून फारसे काही हाती लागतही नाही. विंडोज ११वरचा क्रोम स्वतःला 'विंडोज एनटी १०.०'वर असल्याचे सांगतो, आजच्या मॅकवरूनही '१०_१५_७' हाच आकडा येतो, आणि अँड्रॉइडवरचा क्रोम फोनच्या मॉडेलऐवजी नुसते 'के' हे अक्षर पाठवतो. बदली म्हणून आलेल्या 'क्लायंट हिंट्स'मध्ये ब्राउझरच्या नावांची यादी मिळते, पण त्या यादीत एक बनावट नाव मुद्दाम घातलेले असते आणि नावांचा क्रम बदलत राहतो. यादीतले पहिले नाव उचलणारा कोड आज चालेल, पुढच्या आवृत्तीत आपटेल. आपटावा यासाठीच ती योजना आहे. शिवाय ही सोय क्रोमियमवर (क्रोमच्या खुल्या गाभ्यावर) बांधलेल्या ब्राउझरांपुरतीच आहे; फायरफॉक्स आणि सफारीत ही यादी देणारा ऑब्जेक्टच नसतो, तेव्हा त्याला हात लावण्याआधी तो आहे का ते पाहायला हवे.

म्हणून पहिले काम हे करा. संपूर्ण कोडमध्ये 'यूजरएजंट' आणि 'एमएसआयई' (इंटरनेट एक्सप्लोररची जुनी खूण) हे शब्द शोधा. फक्त आपल्या जावास्क्रिप्टमध्ये नको. सर्व्हरची कॉन्फिगरेशन फाइल, सीडीएनचे (फाइली जवळच्या सर्व्हरवरून पोहोचवणाऱ्या जाळ्याचे) नियम, फायरवॉलचे नियम, बाहेरून आणलेल्या लायब्ररी (तयार कोडचे संच), सगळीकडे शोधा. जुने नियम बहुधा फायरवॉलमध्येच सापडतात, कारण तिथे डेव्हलपर फिरकत नाहीत. जे सापडेल त्याला एकच प्रश्न विचारायचा: हे कशासाठी आहे? एखादी सुविधा आहे की नाही हे ठरवण्यासाठी असेल तर काढून टाका आणि ती सुविधाच तपासा. आकडेवारीसाठी असेल तर राहू द्या, मात्र त्यावरून कोणाला अडवू नका. एखाद्या जुन्या आवृत्तीतल्या ठरावीक बगवर उपाय म्हणून असेल तर ती ओळ वाचणे चालेल, पण अट 'या आवृत्तीपर्यंत' अशी हवी. 'या आवृत्तीपासून पुढे' असे लिहिले की बग दुरुस्त झाल्यावरही तुमचा उपाय चालत राहतो आणि तोच नवा बग होऊन बसतो. आवृत्तीची तुलना करताना आधी तिचा आकडा करून घ्या. मजकूर म्हणून तुलना केली तर '१००' हे '९९'पेक्षा लहान ठरते, कारण पहिले अक्षर १ आणि ते ९च्या आधी येते.

सुविधा तपासायची म्हणजे नेमके काय करायचे, हे सीएसएसमध्ये आणि जावास्क्रिप्टमध्ये वेगवेगळे आहे. सीएसएसचा स्वभाव क्षमाशील आहे: न कळलेली ओळ ब्राउझर सोडून देतो आणि पुढे जातो. त्याचा फायदा घ्या. फोनवर पत्त्याची पट्टी वर-खाली होते तेव्हा '१०० व्हीएच' (पडद्याएवढ्या) उंचीचा खालचा भाग कापला जातो, त्यावर 'डीव्हीएच' हे नवे एकक आहे. आधी 'व्हीएच'ची ओळ लिहा, तिच्याखाली 'डीव्हीएच'ची. जुना ब्राउझर पहिली घेईल, नवा दुसरी. क्रम उलटा झाला तर नव्यालाही जुनीच मिळेल. ओळींचा गट बदलायचा असेल तर 'सपोर्ट्स' हा, सुविधा असेल तरच आतल्या ओळी लागू करणारा, नियम वापरा.

ही क्षमाशीलता सिलेक्टरांच्या यादीला मात्र लागू नाही, आणि इथेच लोक फसतात. स्वल्पविराम देऊन चार सिलेक्टर लिहिले आणि त्यातला एक ब्राउझरला कळला नाही, तर तो एक सोडून दिला जात नाही. सगळा नियमच रद्द होतो. नवा सिलेक्टर जुन्यांच्या पंगतीला बसवला की जुन्या ब्राउझरात चारही घटक उघडे पडतात. नव्या सिलेक्टरला स्वतंत्र नियम द्या, दोन ओळी जास्त झाल्या तरी चालतील. 'इझ' आणि 'व्हेअर' या सिलेक्टरांच्या आतली यादी तेवढी क्षमाशील असते. 'हॅझ'ची यादीही आधी तशीच ठेवली होती, पण जेक्वेरी या लायब्ररीकडे त्याच नावाचा स्वतःचा सिलेक्टर आहे. ब्राउझरने चूक दाखवली की मग जेक्वेरी आपला मार्ग धरते. ब्राउझरने चूक दाखवणेच थांबवल्यावर जुन्या साइटवर ते सिलेक्टर गुपचूप रिकामे निकाल देऊ लागले. शेवटी २०२२मध्ये मानक बदलावे लागले. जुन्या कोडची एवढी काळजी मानके लिहिणारेही घेतात, पण दर वेळी ते जमतेच असे नाही.

जावास्क्रिप्टचा स्वभाव उलटा. तिथे न कळलेले व्याकरण दिसले की अख्खी फाइल पडते, पहिल्या ओळीपासून. 'जमत असेल तर वापर' अशी अट त्याच फाइलमध्ये लिहून उपयोग नाही, कारण अट वाचण्याची वेळच येत नाही. म्हणून व्याकरणाचा भाग बिल्डच्या वेळी, म्हणजे साइटच्या फाइली तयार करताना, सोडवा. नवे व्याकरण कोणत्या जुन्या ब्राउझर-आवृत्तीला कळेल असे उतरवायचे ते बिल्डच्या फाइलमध्ये लिहिलेले असते. ती ओळ शेवटची कोणी आणि कधी पाहिली, हे एकदा विचारा. फंक्शन आणि गुणधर्म मात्र चालू असताना तपासता येतात.

पान बदलतानाच्या अ‍ॅनिमेशनचे उदाहरण घेऊ. डॉक्युमेंटवर 'स्टार्ट व्ह्यू ट्रान्झिशन' हे फंक्शन आहे का ते पाहायचे. नसेल तर पानातला बदल थेट करायचा आणि परतायचे. असेल तर तोच बदल त्या फंक्शनच्या हवाली करायचा. बदल करणारे फंक्शन दोन्हीकडे एकच हवे, दोन प्रती नकोत. आता यात काय बिघडते ते पाहा. फंक्शनच्या आतला बदल पूर्ण होईपर्यंत ब्राउझर पानाचे चित्र गोठवून ठेवतो. कोणी सर्व्हरवरून माहिती आणण्याचे काम त्याच्या आत टाकले, की हळू नेटवर्कवर पान मेल्यासारखे दिसते. बटण दाबा, स्क्रोल करा, काही हलत नाही. माहिती आधी आणा, मग फंक्शन बोलवा. दुसरे, ट्रान्झिशनसाठी घटकांना जे नाव द्यायचे ते पानावर एका वेळी एकाच दिसणाऱ्या घटकाला असले पाहिजे. यादीतल्या वीस ओळींना एकच नाव दिले तर बदल होतो पण अ‍ॅनिमेशन गळते, आणि डेव्हलपर ब्राउझरला दोष देत बसतो. आणि ज्यांनी आपल्या फोनवर 'हालचाल कमी' ही सेटिंग लावली आहे त्यांच्यासाठी हे सगळे बंद ठेवा.

आता नावांची टक्कर. अ‍ॅरे, स्ट्रिंग अशा भाषेच्या मूळ प्रकारांना आपली फंक्शने चिकटवण्याची पद्धत एके काळी फार होती. मूटूल्स या लायब्ररीने अ‍ॅरेला 'फ्लॅटन' चिकटवले होते. २०१८मध्ये भाषेतच तसे फंक्शन येऊ लागले तेव्हा जुन्या साइट मोडू लागल्या आणि भाषेतल्या फंक्शनचे नाव 'फ्लॅट' करावे लागले. त्याआधी 'कंटेन्स'चे 'इनक्लूड्स' झाले तेही मूटूल्समुळेच. तुमची लायब्ररी तेवढी लोकप्रिय नसेल, तर तुमच्यासाठी कोणी नाव बदलणार नाही. आपल्या कोडमध्ये 'प्रोटोटाइप'ला (मूळ प्रकाराच्या साच्याला) काही जोडले आहे का ते शोधा आणि साध्या फंक्शनमध्ये हलवा.

याचाच एक लपलेला प्रकार एचटीएमएलमध्ये थेट लिहिलेल्या 'ऑनक्लिक'मध्ये (क्लिक झाल्यावर काय चालवायचे ते सांगणाऱ्या गुणधर्मात) असतो. तिथे एखादे नाव दिसले की ब्राउझर ते आधी त्या घटकात शोधतो, मग डॉक्युमेंटमध्ये, आणि सगळ्यात शेवटी तुमच्या ग्लोबल फंक्शनांत. तुमचे 'अ‍ॅनिमेट' नावाचे फंक्शन वर्षानुवर्षे चालत असते. ब्राउझरने घटकांनाच 'अ‍ॅनिमेट' दिले की त्या दिवसापासून बटण तुमच्या फंक्शनऐवजी त्याला बोलावते आणि कन्सोलमध्ये (ब्राउझरच्या चुका दाखवणाऱ्या खिडकीत) चूक पडते. तेच फंक्शन स्क्रिप्टमधून बोलावले तर मात्र नीट चालते, त्यामुळे शोधणाऱ्याचा दिवस जातो. उपाय सोपा आहे: 'ऑनक्लिक' काढून स्क्रिप्टमधून 'अ‍ॅड इव्हेंट लिसनर'ने जोडा.

नव्या सुविधांपेक्षा जास्त साइट मोडतात त्या बदललेल्या सवयींमुळे आणि काढून टाकलेल्या जुन्या गोष्टींमुळे. २०१७मध्ये क्रोमने पूर्ण पानावर लावलेले स्पर्शाचे लिसनर (स्पर्श झाल्यावर चालणारी फंक्शने) 'पॅसिव्ह', म्हणजे स्क्रोल अडवू न शकणारे, मानायला सुरुवात केली आणि स्क्रोल अडवणारे नकाशे आणि स्लाइडर घसरू लागले. २०१८मध्ये आवाजासह आपोआप सुरू होणारे व्हिडिओ थांबले. २०२४मध्ये क्रोम १२७मधून 'म्युटेशन इव्हेंट्स' (पानातला बदल कळवणारी जुनी सोय) गेले. ते कित्येक वर्षे नापसंत म्हणून जाहीर होते, त्यांना 'म्युटेशन ऑब्झर्व्हर' हा पर्यायही होता, तरी जुन्या एडिटर लायब्ररींमध्ये ते वापरात होतेच.

यातले कुकीचे (साइट ब्राउझरात ठेवते त्या छोट्या नोंदीचे) प्रकरण जवळून पाहण्यासारखे आहे. फेब्रुवारी २०२०मध्ये क्रोम ८०ने 'सेमसाइट' (दुसऱ्या साइटवरून येताना कुकी सोबत यावी का ते सांगणारी खूण) न लिहिलेली कुकी 'लॅक्स' मानायला सुरुवात केली. म्हणजे दुसऱ्या साइटवरून फॉर्म पोस्ट होऊन तुमच्याकडे आला, तर ती कुकी सोबत येत नाही. पेमेंट गेटवेवरून परतणारा ग्राहक नेमका असाच येतो. त्याचे पैसे कापलेले असतात आणि तुमची साइट त्याला पुन्हा लॉगिन करायला सांगते. टेस्टिंगमध्ये हे सापडत नाही. कारण साइट एकदम मोडू नयेत म्हणून क्रोमने सूट दिली: कुकी दोन मिनिटांपेक्षा ताजी असेल तर अशा पोस्टसोबत जाऊ द्यायची. टेस्टर लॉगिन करतो, नकली कार्ड टाकतो, दीड मिनिटात परत येतो, सगळे हिरवे. खरा ग्राहक कार्ड शोधतो, ओटीपीची वाट पाहतो, चौथ्या मिनिटाला परततो आणि बाहेर फेकला जातो. तेव्हा पेमेंटची चाचणी करताना लॉगिननंतर किमान पाच मिनिटे थांबून मगच पुढे जा. दुरुस्ती दोन प्रकारे होते. लागणाऱ्या त्या एकाच कुकीला 'सेमसाइट नन' आणि 'सिक्युअर' असे दोन्ही लिहा. दुसरे विसरले तर कुकी सरळ नाकारली जाते. किंवा, आमच्या मते जास्त चांगले, परतीच्या पानावर कुकीवर विसंबूच नका. व्यवहाराचा क्रमांक घ्या, सर्व्हरवरून गेटवेकडे खात्री करा आणि मग ग्राहकाला साध्या 'गेट' विनंतीने आपल्या पानावर पाठवा.

काय जाणार आहे हे आधी कळण्याची सोय ब्राउझरातच आहे. कन्सोलमधल्या पिवळ्या सूचना वाचायची सवय ठेवा. पण त्या फक्त तुमच्या मशिनवरच्या. वापरणाऱ्यांच्या मशिनवर काय होते ते कळायला क्रोमियमवरच्या ब्राउझरांत 'रिपोर्टिंग ऑब्झर्व्हर' आहे, आणि सर्व्हरने 'रिपोर्टिंग-एंडपॉइंट्स' हा हेडर पाठवला तर ब्राउझर अशा सूचना तुम्ही दिलेल्या पत्त्यावर आपणहून धाडतो. त्यात फाइलचे नाव, ओळ आणि कधीकधी काढून टाकण्याची अपेक्षित तारीखही असते. पहिल्या दिवशी एक्स्टेन्शनांचा कचराही येईल. फाइलचा पत्ता पाहून तो गाळा. उरलेल्यातला मोठा वाटा बाहेरच्या स्क्रिप्टांचा निघतो. चॅटचे बटण, आकडेवारी, नकाशा, जाहिराती. प्रत्येक स्क्रिप्ट कोणी, कशासाठी लावली आणि अजून लागते का, याची यादी करा. ज्याला धनी सापडत नाही ते काढून टाका.

चाचणी कुठे करायची? क्रोमचा बीटा (चाचणीसाठीची आगाऊ आवृत्ती) साधारण महिनाभर आधी हाती येतो, फायरफॉक्सचाही. क्रोमची कॅनरी आणि फायरफॉक्सची नाइटली या त्याहून कच्च्या आवृत्त्या रोज बदलतात. त्यांवर आपोआप चालणाऱ्या चाचण्या लावा, माणूस बसवू नका. सफारीसाठी २०१६पासून 'टेक्नॉलॉजी प्रिव्ह्यू' मिळतो. मात्र आयफोनवरची सफारी फोनच्या सिस्टिमसोबतच बदलते, आणि आयफोनवरचे इतर ब्राउझरही जवळपास सगळे आतून वेबकिटच (सफारीचे इंजिन) असतात. त्यामुळे 'क्रोमवर तपासले' म्हणजे आयफोनवरचा क्रोम तपासला असे होत नाही. बीटा नव्या, कोऱ्या प्रोफाइलमध्ये उघडा, एक्स्टेन्शन नकोत. लॉगिन, शोध, फाइल जोडायचा फॉर्म, पेमेंट, पीडीएफ उतरवणे आणि छपाई, एवढे मार्ग हाताने चाला. छपाई सगळे विसरतात.

लोकलहोस्टवर (आपल्याच मशिनवर) चालले म्हणून निर्धास्त होऊ नका. कॅमेरा, ठिकाण, सर्व्हिस वर्कर (फाइली साठवून पानाला पुरवणारी, मागे चालणारी स्क्रिप्ट) यांना सुरक्षित जोडणी लागते. लोकलहोस्टला त्यातून सूट आहे, पण टेस्टिंग सर्व्हरच्या 'एचटीटीपी' आणि आयपी पत्त्याला नाही. तिथे ती सुविधा नुसती दिसेनाशी होते आणि चूकही धड सांगत नाही. टेस्टिंग सर्व्हरलाही प्रमाणपत्र लावा. आणि एखादी चूक काही केल्या जात नसेल तर आधी सर्व्हिस वर्करने जुनी फाइल तर दिली नाही ना ते बघा.

एकच आवृत्ती असून एकाला चूक दिसते आणि दुसऱ्याला नाही, अशीही तक्रार येईल. ती खोटी नसते. नवी आवृत्ती टप्प्याटप्प्याने पसरते, शिवाय काही सुविधा दूरूनच थोड्या लोकांना आधी चालू करून दिल्या जातात. तक्रार करणाऱ्याकडून क्रोमच्या आवृत्तीच्या पानावरची 'व्हेरिएशन्स'ची माहितीही मागून घ्या. चूक खरोखर ब्राउझरची वाटली तर आधीच्या आवृत्तीत तीच कृती करून पाहा. फायरफॉक्ससाठी 'मोझरिग्रेशन' हे साधन नेमका कोणत्या दिवसाच्या बिल्डमध्ये बिघाड शिरला ते शोधून देते. तक्रार नोंदवताना अख्खी साइट दाखवू नका; वीस-तीस ओळींचे, चूक दाखवणारे एकच पान करून द्या. अशी तक्रार बीटा चालू असताना गेली तर सुधारणेला वाव असतो. आवृत्ती सर्वांना पोहोचल्यावर तुमचे हात बांधले जातात.

सही करणाऱ्यांसाठी थोडे वेगळे. मुदत वाढवून मिळते तेव्हा ती घेण्याचा मोह होतो. २००९मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ८ आला तेव्हा मायक्रोसॉफ्टने एक मेटा टॅग दिला होता. तो लावला की नवा ब्राउझर सातव्या आवृत्तीसारखा वागे. सोय तात्पुरती होती, पण टॅग वर्षानुवर्षे तसेच राहिले आणि साइट त्यांच्यासोबत गोठल्या. जून २०२२मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ११ निवृत्त झाला तेव्हा त्यांचा आधारच सुटला. आज क्रोम काढून टाकायच्या गोष्टींसाठी मुदतीचे टोकन (ठरावीक काळ त्या चालू ठेवणारी किल्ली) देतो. ते जरूर घ्या, पण त्याच दिवशी कामाची तारीख ठरवा, कारण टोकन संपते तेव्हा सुविधा न सांगता बंद होते. प्रायोगिक सुविधांच्या टोकनाचेही तेच. त्यावर चाचणी करा, महत्त्वाचे पान उभारू नका.

देखभालीच्या करारात 'सर्व ब्राउझरवर चालेल' असे वाक्य असते. ते कोणालाच बांधत नाही. त्याऐवजी लिहा: दर बीटावर वरचे सहा मार्ग चालून अहवाल द्यायचा, बाहेरच्या लायब्ररी दर तिमाहीत अद्ययावत करायच्या, आणि 'बेसलाइन'मध्ये (सुविधा किती ब्राउझरांत पोहोचली ते सांगणाऱ्या यादीत) 'सर्वत्र उपलब्ध' ठरलेल्या सुविधा थेट वापरायच्या. चारही मोठ्या ब्राउझरांत सुविधा आल्यावर ३० महिन्यांनी हा शिक्का मिळतो. त्याहून नवी सुविधा घ्यायची असेल तर ती नसताना पान कसे दिसेल ते आधी दाखवायचे. या कामाचे तास वेगळे मोजा, नाहीतर ते दर महिन्याला पुढे ढकलले जाईल.

आणि 'आपला ब्राउझर चालणार नाही, कृपया अमुक वापरा' हे पान अजून कुठे असेल तर ते याच आठवड्यात उतरवा. त्याच्या जागी बंद करता येईल अशी एक पट्टी ठेवा आणि माणसाला आत येऊ द्या.

कळावे.

आपले,
साइट बांधणी आणि चाचणीचे काम करणारे काही जण